पाकीट फोडू नका, मास्तर

औरंगपुऱ्यातलं माझं दुकान बंद करून आता तीन वर्षं झाली. दुकान कसलं, जिन्याखालची जागा. एक काचेचं काउंटर, दोन स्टुलं आणि मागं लोखंडी कपाट. छत्तीस वर्षं तिथं बसून मी जुनी नाणी, नोटा आणि टांकसाळीचे संच विकले. लोक मला विचारतात, या धंद्यात सगळ्यात अवघड काय? त्यांना वाटतं मी खोट्या नाण्यांचं काहीतरी सांगेन. खोटं नाणं ओळखणं सोपं आहे, हाताला सवय झाली की झालं. अवघड आहे एक साधा प्रश्न, जो दर दोन दिवसांनी कुणीतरी विचारायचंच: "काका, हे पाकिटातून बाहेर काढू का तसंच ठेवू?"

ज्यांना यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. एखाद्या थोर माणसाची जयंती, संस्थेची शंभर वर्षं, अशा निमित्तानं सरकारी टांकसाळ खास नाणी पाडते. ती बाजारात फिरायला नसतात, संग्रहासाठी असतात. त्यातली काही आरशासारखी चकचकीत, त्यांना आम्ही 'प्रूफ' म्हणतो. एक मोठं चांदीच्या मिश्रणाचं, सोबत एक-दोन लहान, असा संच येतो. कधी मखमली डबीत, कधी पुठ्ठ्याच्या घडीत, कधी नुसत्या प्लास्टिकच्या पाकिटात. आधी नाव नोंदवायचं आणि पार्सलची वाट बघायची. कधी सहा महिने, कधी वर्षसुद्धा.

त्या वेष्टनाला आमच्या धंद्यात फार मान. नाणं तेच, पण मूळ पाकिटातलं असेल तर किंमत वेगळी आणि सुटं असेल तर वेगळी. पाकीट म्हणजे नाण्याचा जन्मदाखला. एकदा लासूर स्टेशनहून आडतीचा धंदा करणारे एक गृहस्थ आले. त्यांनी एक संच निवडला, किंमत न कुरकुरता दिली आणि म्हणाले, "नाणे तुमीच ठिवा, मला नुसती डबी द्या." मी बघतच राहिलो. त्यांच्याकडं तीच नाणी सुटी पडून होती, मेहुण्याला ती डबीत घालून 'कंपनी पॅक' म्हणून द्यायची होती. मी डबी दिली नाही. ते रागावून गेले. पण रिकाम्या डब्या घेणारे-विकणारे लोक आहेत, आणि त्यांचं बरं चालतं.

मी स्वतः 'पाकीट फोडू नये' या पक्षाचा झालो तो चितेगावच्या एका कारखान्यातल्या टर्नरमुळं. हातात कला होती माणसाच्या. त्यानं माझ्याकडून घेतलेले पाच संच फोडले आणि सागवानी चौकट करून त्यात नाणी बसवली. गणपतीत आरासीजवळ लावायला. मला मुद्दाम बोलावून दाखवली. "काका, बघा तर! कपाटात ठेवून काय उपेग?" खरंच देखणी झाली होती. फक्त नाणी चिकटवायला त्यानं पंक्चर काढायचं रबरी सोल्युशन वापरलं होतं. रबरात गंधक असतं आणि चांदीचं त्याच्याशी वैर. दिवाळीपर्यंत सगळी चांदी तव्यासारखी काळी. मग त्यानं दंतमंजनानं घासली. काळं गेलं, त्याबरोबर आरसाही गेला. नाण्यावर ओरखड्यांचं जाळं उरलं. ती चौकट त्यानं दुकानात आणून काउंटरवर ठेवली. त्या दिवसापासून मी प्रत्येक गिऱ्हाइकाला एकच वाक्य सांगायला लागलो: पाकीट फोडू नका. उघडूसुद्धा नका. जसं आलं तसं ठेवा.

माझं हे वाक्य सगळ्यात मनावर घेतलं ते बोडखे मास्तरांनी.

मास्तर गंगापूर तालुक्यातले. घरी थोडी शेती आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी. पांढरा सदरा, पांढरा लेंगा, खांद्याला कापडी पिशवी. पहिल्यांदा आले तेव्हा त्यांना मुलगी होऊन दोन महिने झाले होते. म्हणाले, "लेकीच्या जन्माच्या वर्षाचा एखादा संच द्या. दरवर्षी एक घेत जाईन म्हणतो. लग्नात एकदम सगळी देईन. लोक भांडीकुंडी देतात, आपण असं काहीतरी देऊ."

आणि खरंच ते दरवर्षी आले. संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात, एसटीनं, सकाळी दहाच्या सुमाराला. येताना पिशवीत माझ्यासाठी हुरडा नाहीतर उसाच्या दोन कांड्या असायच्या. संच घेतला की तो वर्तमानपत्रात, मग धोतराच्या जुन्या कापडात गुंडाळायचे आणि दर वेळी विचारायचे, "फोडायचं नाय ना?"

"नाही मास्तर. हातसुद्धा लावायचा नाही."

"बरं." आणि समाधानानं निघायचे. मला त्यांचा फार अभिमान वाटायचा. नव्या गिऱ्हाइकांना मी त्यांचं उदाहरण द्यायचो. म्हणायचो, संग्रह कसा करावा ते गंगापूरच्या मास्तरांकडून शिका.

बाराव्या की तेराव्या वर्षी ते आले तेव्हा जरा घुटमळले. चहा झाला, हवापाण्याचं बोलणं झालं. मग हळूच म्हणाले, "आमच्या घरातलं माणूस म्हणतंय, नाणे कळकले."

'घरातलं माणूस' म्हणजे त्यांची बायको. कळकणं हा शब्द शहरात आता फारसा कुणी वापरत नाही. कल्हई नसलेल्या पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं की ते हिरवट होतं, चव बिघडते, त्याला कळकणं म्हणतात.

मी विचारलं, "तुम्ही बघितलं का?"

"वरून बघितलं. कडंला हिरवट वाटतंय जरासं. पण पाकीट बंदच हाय, मंग आत काय जाईल? एसटीत हादरे बसत्यात म्हणून आणलं नाय."

आणि मी हसलो. दुकानात तेव्हा आणखी दोन गिऱ्हाइकं बसली होती, त्यांच्याकडं बघून हसलो. म्हणालो, "मास्तर, ती काय ताकाची लोटी आहे का कळकायला? वहिनींना सांगा, ही नाणी आहेत, भांडी नाहीत. बंद आहेत तोवर राजासारखी आहेत."

ती दोन्ही गिऱ्हाइकं हसली. मास्तरही हसले. त्यांना बरंच वाटलं असावं. माझ्या शब्दावर त्यांचा विश्वास होता आणि विश्वास ठेवायला कारण मिळालं की माणूस सुटतो. गंगापूर इथून तासाभराच्या अंतरावर. एका रविवारी मी जाऊन बघू शकलो असतो. गेलो नाही. कारण मला उत्तर माहीत होतं ना!

नंतर त्यांनी तो विषय काढला नाही. मुलीचं लग्न झालं, मी गेलो नव्हतो. लग्नानंतरही ते दोन वर्षं आले आणि संच घेऊन गेले. मी विचारलं, "दिले का लेकीला?" तर म्हणाले, "नाय अजून. घर नवं हाय, लेकरं-बाळं, कुणीतरी फोडतील. जरा घडी बसली म्हंजे देऊ." त्यानंतर त्यांची तब्येत बिघडली आणि येणं थांबलं.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात, सकाळी अकराच्या सुमाराला, माझ्या घरी दोघी आल्या. दुकान बंद बघून शेजाऱ्यांकडून पत्ता घेतला होता. एक पस्तिशीची, चष्मा लावलेली. तिनं नाव सांगितलं, सुनंदा. बोडखे मास्तरांची मुलगी, सिडकोत राहते, फार्मासिस्ट आहे. दुसरी तिची आई, गयाबाई. नऊवारी, डोक्यावर पदर, कपाळ मोकळं. मास्तर माघ महिन्यात गेले होते. मला कळलंच नव्हतं. रिक्षावाल्यानं एक पत्र्याची पेटी आणून दिवाणाजवळ ठेवली.

सुनंदा म्हणाली, "काका, हे बघायला आणलंय. मला यातलं कळत नाही. आमच्या कपाटाच्या दारावर आतून अण्णांनी कागद चिकटवला होता. 'फोडू नये', आणि खाली तुमचं नाव. लहानपणी मला वाटायचं, हा कुणीतरी मोठा साहेब असेल."

मी पेटी उघडली. सव्वीस संच. वर्तमानपत्रं पिवळी पडलेली, धोतराची कापडं स्वच्छ धुतलेली. मी वरचे काढले. नंतरच्या वर्षांचे कडक प्लास्टिकच्या डब्यांतले होते, ते अगदी ठणठणीत. मग खाली गेलो. जुने, मऊ प्लास्टिकच्या पाकिटातले. पहिलं हातात घेतलं आणि बोटांना चिकट लागलं. पाकिटाच्या आत नाण्यांभोवती हिरवा, ओला थर साचला होता. दुसरं तसंच. तिसरंही.

त्याचं शास्त्र असं. प्लास्टिक मऊ राहावं म्हणून त्यात काही द्रव्यं घातलेली असतात. दहा-पंधरा वर्षांनी प्लास्टिक सुटायला लागतं, ती द्रव्यं बाहेर येतात आणि आम्लासारखी नाण्यावर बसतात. आधी तांब्यावर, मग चांदीवर. बाहेरची हवा आत यायची गरजच नाही. विष पाकिटातच असतं. ती पाकिटं तीस वर्षं टिकावीत म्हणून बनवलेलीच नव्हती, नाणं घरी सुखरूप पोचावं एवढ्यासाठी होती. मी ती पेटी बघितली तोपर्यंत हे सगळं मला ठाऊक झालेलं होतं. मास्तर विचारायला आले तेव्हा नव्हतं. पण तेव्हा मी शोधलंही नव्हतं.

सुनंदानं विचारलं, "काका, खरं सांगा. हे कशानं झालं?"

मी चष्मा पुसला. म्हणालो, "कपाट कुठं होतं? स्वयंपाकघराजवळ? वाफ लागते. आपल्याकडं पावसाळ्यात दमट हवा… काय करणार."

हे बोललो आणि मान वर केली, तर गयाबाई माझ्याकडं बघत होत्या. रागानं नाही. शाळेत पोरगं चुकीचं उत्तर देतं तेव्हा बाई कशा थांबून बघतात, तशा.

"कपाट माळवदाच्या खोलीत व्हतं," त्या म्हणाल्या. "तिथं चूल नाय, मोरी नाय. मी मास्तराला म्हणलं व्हतं, नाणे कळकले म्हणून. सुनी सातवीत व्हती तवा. ते शहरात येऊन इचारून गेले. तुमी म्हणले, काय झालं नाय."

मला वाटलं, जमिनीनं आता आपल्याला गिळावं. त्या दिवशीचं माझं हसणं, ती दोन गिऱ्हाइकं, सगळं समोर उभं राहिलं. नाही म्हणायला वाव होता. बावीस वर्षांपूर्वीचं कुणाला आठवतं? आठवत नाही म्हटलं असतं तर दोघी उठून गेल्या असत्या.

मी म्हणालो, "आले होते. मला आठवतंय. मी हसलो होतो. पाकिटाच्या प्लास्टिकमुळंच झालंय हे. तेव्हा फोडून काढली असती तर सगळी वाचली असती. चूक माझी आहे."

सुनंदानं आधी आईकडं बघितलं. मग म्हणाली, "मला लग्नात देणार होते. मांडवात पेटी आणली होती, माहितीये? पाठवणीच्या वेळी परत आत नेली. म्हणाले, तिकडं कुणीतरी फोडेल. माझ्या नावाची नाणी, काका, मी एकसुद्धा कधी हातात धरलं नाही. वाढदिवसाला अण्णा पाकीट दाखवायचे, लांबून, आणि परत गुंडाळून ठेवायचे. का, तर तुम्ही सांगितलं होतं. आणि जिला कळलं तिच्यावर तुम्ही हसलात." तिनं पेटीचं झाकण लावलं. "चल आई. दुसरीकडं दाखवू."

गयाबाई उठल्या नाहीत. म्हणाल्या, "दुसरीकडं कामून? यायच्या हातून बिघडलं, यायनाच नीट करू दे." मग मला म्हणाल्या, "व्हतंय का नीट?"

"काही होतील. सगळी नाही."

"मंग जेवढे व्हतेत तेवढे करा."

पेटी माझ्याकडं राहिली. पुढचे पंधरा दिवस मी तेच काम केलं. गॅलरीत, खिडक्या उघड्या टाकून, कारण त्यासाठी अ‍ॅसिटोन लागतं आणि त्याचा वास डोक्यात जातो. आमच्या हिला पहिल्याच दिवशी वाटलं, मी म्हातारपणी नेलपॉलिश काढतोय की काय. पद्धत साधी आहे. पाकीट कापायचं, नाणं काचेच्या वाटीत बुडवायचं आणि बसून राहायचं. घासायचं नाही, कापूस नाही, ब्रश नाही. हिरवा थर आपोआप सुटून तळाशी जातो. मग दुसऱ्या स्वच्छ वाटीत बुडवायचं आणि मऊ कापडावर वाळू द्यायचं. जिथं विषानं नुसताच लेप दिलाय तिथं नाणं खालून तेजस्वी निघतं. जिथं धातू खाल्लाय तिथं खड्डा राहतो, त्याला इलाज नाही.

पहिलं पाकीट कापताना कात्री हातात धरून मी बराच वेळ बसलो होतो. छत्तीस वर्षं लोकांना जे करू नका म्हणालो, तेच करायचं होतं. कापलं तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही, प्लास्टिक इतकं सैल पडलं होतं.

साधारण निम्मी वाचली. सुनंदाच्या जन्मवर्षाचं मोठं नाणं वाचलं, त्याच्या जोडीचं लहान मात्र खड्ड्यांनी भरून गेलं होतं. ते मी तीनदा बुडवून बघितलं. व्हायचं नव्हतं ते झालं नाही.

आता मला कुणी तोच प्रश्न विचारला, फोनवर अजूनही विचारतात, तर मी आधी उलट विचारतो. कशात आहे? दाबून बघा, कडक आहे का मऊ? कडक डबीत असेल तर राहू द्या, सुखानं राहू द्या. मऊ आणि चिकट असेल तर हळहळत बसू नका, कापा. रिकामं पाकीट वेगळं जपून ठेवा, दाखला म्हणून ते पुरतं. आणि काहीही असलं तरी वर्षातून एकदा बाहेर काढून उजेडात बघा. घरात कपाट पुसणारं जे कुणी असेल त्याला विचारा काही वेगळं दिसतंय का. एवढं लांबलचक उत्तर लोकांना आवडत नाही. त्यांना हो किंवा नाही हवं असतं. मीही तेच देत आलो होतो, आणि गिऱ्हाईक त्यावर खूश होतं.

ठरल्या दिवशी दोघी आल्या. मी जेवणाच्या टेबलावर काळं कापड अंथरून नाणी वर्षांप्रमाणं मांडली होती. वाचलेली एका बाजूला, खराब झालेली दुसऱ्या. खराब झालेली लपवली नाहीत. कडक डब्यांतले नऊ संच तसेच बंद ठेवले होते.

मी गयाबाईंना म्हणालो, "वहिनी, मी तुमची माफी मागतो. त्या दिवशी तुमचं ऐकायला हवं होतं."

त्यांनी हातानंच थांबवलं. "माफी काय मागता? मास्तर घरी येऊन म्हणले, दुकानदार म्हणतेत काय झालं नाय. मी म्हणलं, बरं. किल्ली तर माझ्याच कंबरंला व्हती. मीच कातरीनं उघडलं असतं तर कोण धरणार व्हतं मला? पण नाय उघडलं. मलाबी वाटलं, शहरातलं माणूस हाय, त्याला जास्ती कळत असंल."

सुनंदा टेबलाजवळ उभी राहून बघत होती. मागच्या वेळचा राग थोडा ओसरला असावा, सगळा नाही, आणि तसा तो ओसरावा अशी माझी अपेक्षाही नव्हती. तिनं बंद डब्यांकडं बोट करून विचारलं, "याचं काय करायचं, काका? तुम्ही सांगा."

"मी नाही सांगणार. नुकसान काय, फायदा काय, दोन्ही सांगतो. ठरवा तुम्ही." आणि मी सांगितलं. बंद राहिल्या तर किंमत राहील, नाणं वर्षानुवर्षं असंच राहील. उघडल्या तर किंमत उतरेल आणि हवा लागेल, हात लागतील.

सुनंदानं ऐकून घेतलं. मग आईकडं वळून विचारलं, "आई, तू सांग."

गयाबाईंनी नऊ डब्या एकेक करून उचलून बघितल्या. डोळ्याजवळ नेऊन वर्ष वाचत होत्या, आकडे येत होते त्यांना. एक डबी वेगळी काढली. सुनंदाच्या लग्नाच्या वर्षाची. "ही उघडा. बाकीच्या ऱ्हाऊ द्या. ही मांडवातून माघारी गेली, तिला आता तरी बाहेर येऊ द्या."

मी कटरनं कडेची चिकटपट्टी कापली. झाकण उचललं, आतलं मोठं नाणं दोन बोटांनी कडेला धरून काढलं आणि सुनंदाच्या हातावर ठेवलं. तिनं ते बघितलं. तोंडासमोर धरून बघितलं, त्यात तिचा चष्मा दिसत होता. मग तिनं ते आईच्या तळहातावर ठेवलं.

गयाबाईंनी आधी हात झुलवून वजन बघितलं. "जड हाय की." मग अंगठा नाण्यावर ठेवला आणि सावकाश फिरवला, आरशावरून, अक्षरांवरून, पुन्हा आरशावरून. अशा नाण्यावर अंगठा टेकवला की डाग कायमचा बसतो. चार-सहा महिन्यांत तो उठून दिसतो, मग काही केल्या जात नाही.

मला सगळं ठाऊक होतं. मी गप्प बसलो, आणि त्यांनी पुरेसं बघून होईपर्यंत हात पुढं केला नाही.